ट्यूब न देणारा औषधवाला

तुमसरच्या बाजारातला तो औषधवाला दुकानात आलेल्या मुलीचा चेहरा नेहमी दुकानाच्या दारात, उजेडात पाहायचा. मग सावकाश सांगायचा, "चंदनानं थंड वाटते, पण पुरळ जात नाही. गंधकानं पुरळ सुकते, पण लाली वाढते. कॅलामाइन दोन्हीले बरं, फक्त वेळ घेते."

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास माझे गाल लाल पुटकुळ्यांनी भरले होते आणि रविवारी मला पाहायला पाहुणे येणार होते. आईनं तीन दिवसांत चेहरा साफ करणारी स्टिरॉइडची ट्यूब मागितली. तो नाही म्हणाला.

"कपाटात दिसते ना, मंग मले काहून नाही देत?" आई चिडली.

त्यानं आतून बायकोला बोलावलं. "पदर बाजूले कर," तो म्हणाला. तिनं थांबून, खाली पाहत पदर सारला. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, खालच्या लाल शिरा दिसत होत्या.

"हेच ट्यूब मीच देल्ली होती इले, दोन वर्सं," तो म्हणाला.

आईनं कॅलामाइन घेतलं. पाहुण्यांनी मला नाकारलं, पण चेहरा हळूहळू निवळला. त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो. फक्त, बायकोला त्यानं असं किती जणींसमोर उभं केलं असेल, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.