‘तो भेटल्यावर’चं पान

मी कामं जागेप्रमाणे लावते. डायरीत एक पान ऑफिसचं, एक फोनवर उरकायच्या कामांचं, एक वाकडच्या चौकात बसमधून उतरलं की करायच्या कामांचं. दळण आणि इस्त्री एकाच फेरीत होतात. तारखेप्रमाणे याद्या करून रोज तीच कामं पुढे ढकलणाऱ्यांची मला मनापासून कीव येते.

नवरा चाकणला कंपनीत आहे. त्याला गुरुवारी सुट्टी, मला रविवारी, त्यात त्याची शिफ्ट सारखी बदलणार. लग्नानंतर वर्षभर आम्ही एकमेकांना फक्त दारात भेटत होतो. महत्त्वाचं सांगायचं राहून जायचं आणि मग कडाक्याची भांडणं व्हायची. म्हणून मी डायरीत त्याच्यासाठी एक पान काढलं, ‘तो भेटल्यावर’.

गॅसचं बुकिंग, सासूबाईंचे डोळे, सोसायटीचा पाण्याचा टँकर, माझ्या बहिणीचं लग्न. रविवारी तो शिफ्ट करून आला की चहा पिता पिता मी वाचायची, तो हो-नाही म्हणायचा, मी टिक करायची. भांडणं थांबली. मैत्रिणींसमोर मी काय कमी मिरवलं!

मग हळूहळू लक्षात आलं, पानावर नसलेलं आम्ही काहीच बोलत नाही. बसमध्ये काही गंमत घडली तरी मी ती पानावर टिपून ठेवायची, आणि रविवारी वाचेपर्यंत तिच्यात काही राम उरायचा नाही. “बरं, पुढचं?” तो विचारायचा. जेवताना ताटाला चमचा लागल्याचा आवाजही मोठा वाटायचा. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली.

मागच्या महिन्यात यादीच्या शेवटी मी नुसतं ‘बोलायचं’ असं लिहिलं. बाकीचं वाचून झालं आणि तिथे अडखळले. त्यानं वाकून पाहिलं.

“कशाबद्दल?”

“असंच. आपण दोघं.”

“मग बोल की.”

मी तोंड उघडलं. गॅस झाला होता, टँकर झाला होता, बहिणीचं झालं होतं. दुसरं काही सुचेना. त्यालाही सुचत नव्हतं. तो बिचारा खरोखर आठवत होता, हे मला दिसत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. चहा निवून गेला. शेवटी त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं, त्या शब्दापुढे टिक केली आणि “मी जरा पडतो,” म्हणत आत गेला.