उसाला पाणी

आण्णा गेले त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मी माझ्या धाकट्या भावाशी फोनवर बारा मिनिटं बोलले, आणि आण्णा गेले हे सोडून बाकी सगळं सांगितलं. थंडी किती आहे, शेजारची म्हैस व्याली, माझ्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या नावाखाली कसा धिंगाणा चाललाय. तो हसला. मीही हसले बहुतेक. फोन ठेवून मागच्या दारी गेले, तर बायका आण्णांच्या अंथरुणाची वळकटी बांधत होत्या.

भाऊ जर्मनीत शिकत होता. विषय शेतीच्या पाण्याचा. आण्णा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. त्यानंतरची वीस-बावीस वर्षं आष्ट्याजवळच्या आमच्या गावात त्यांनी ऊसच केला. भाऊ निघाला त्या दिवशी ते म्हणाले होते, "पाणी पाजायचं शिकायला एवढ्या लांब कशाला जातोयस रं? बांधावर ये, मी शिकवतो की." आणि मग स्वतःच त्याच्या बॅगेला दोरी आवळून गाठ मारली. ती गाठ त्याला तिकडं सुटेना, शेवटी कात्रीनं कापली.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आण्णा फोन कानाला लावून फौजेतल्यासारखं विचारायचे, "रिपोर्ट काय?" तो म्हणायचा, "सगळं ठीक, आण्णा." झालं बापलेकाचं बोलणं. बाकी वेळ आई आणि मी.

जानेवारीच्या सुरुवातीला आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. सांगलीला मी राहते, शाळेत शिकवते, त्यामुळं दवाखाना माझ्याच वाट्याला आला. दोन दिवस ते होते. दुसऱ्या दिवशी नळ्या लावलेल्या असताना मला म्हणाले, "धाकट्याला काय कळवू नका. काम पुरं करून येऊ दे." ते दुखण्याबद्दल बोलत होते. मरणाबद्दल त्यांनी काही सांगून ठेवलं नव्हतं, मरायचा त्यांचा विचारच नव्हता. पहाटे गेले.

घरी आणल्यावर तात्यांनी, म्हणजे आमच्या चुलत्यांनी, सगळ्यांसमोर विचारलं, "पोराला कळवायचं का न्हाई?" आईला काही विचारण्यात अर्थ नव्हता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. भावाचा शेवटचा प्रबंध पंचवीस दिवसांवर आला होता. एकदा त्यानं मुदत वाढवून घेतली होती, आता परत मिळणार नव्हती. आता निघून आला असता तर दोन वर्षं पाण्यात गेली असती. हे सगळं खरं होतं. पण तो दीड दिवसात पोचला असता हेही खरं होतं, आणि बर्फाची पेटी आष्ट्यात मिळते हेही मला माहीत होतं. मी म्हणाले, "नको." एवढा एकच शब्द. मग तात्यांच्या मुलानं आण्णांना अग्नी दिला. ज्याचा हक्क होता तो तिकडं लायब्ररीत बसला होता.

मला वाटलं होतं खोटं बोलणं अवघड जाईल. ते अवघड गेलं नाही, हीच पंचाईत. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि मग आपलाच ओठ बोटाला परका लागतो, तशी मी सगळीकडूनच झाले होते. कामं मात्र चोख करत होते. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायला निघालेल्यांना मी वाटेतच गाठलं आणि परत पाठवलं. फ्लेक्सवरचा फोटोसुद्धा आण्णांचा धड नव्हता, कुणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच. सगळ्या नातेवाइकांना फोन करून बजावलं की स्टेटस ठेवायचं नाही. तरी विट्याकडच्या एका मामेभावानं ठेवलंच. तो लांब दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळण्याच्या दुकानात असतो, त्याला फोनवर असं झाडलं की बिचारा म्हणाला, "आक्का, मी रडतोय आणि तू शिव्या देतीयास." दहा मिनिटांत त्यानं काढलं. मी रडत नव्हते, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

सुतकात घरी फोडणी नव्हती. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देत होते. मी येताना सहावीच्या वह्या घेऊन आले होते, त्या तपासत बसायचे. तात्यांनी एकदा बघितलं आणि निघून गेले. नंतर शाळेत वह्या वाटताना लक्षात आलं, एका मुलीच्या साफ चुकलेल्या गणितावर मी "छान" लिहिलं होतं.

पहिले तीन दिवस मी भावाला सांगितलं की नेट नाही, व्हिडिओ लागत नाही. आण्णा कुठं? आण्णा सोसायटीत गेलेत. आण्णा पाव्हण्यांकडं गेलेत. आण्णा झोपलेत. हयातीत माणूस इतका हिंडला नव्हता. चौथ्या दिवशी भाऊ हट्टालाच पेटला. "आईला दाव."

आईला दाखवायचं म्हणजे कपाळाचा प्रश्न. आमची आई बंद्या रुपयाएवढं कुंकू लावायची, खाली मेण लावून. ते आता पुसलेलं होतं. करंडा चुलतीनं कुठंतरी वर ठेवून दिला होता. मी म्हणाले, "फोनपुरतं लावूया आई." मला विचाराल तर मी म्हणेन कायमचंच लाव, पण ते वाद घालायचे दिवस नव्हते. चुलती म्हणाली, "आवं, असं कसं? एकदा पुसल्यालं परत लावत्यात व्हय?" आई मग मला म्हणाली, "कुंकू नगं. तुझं ते स्टिकर लाव. ते काय खरं नसतंय."

मग मी माझ्या कपाळावरची मरून टिकली काढून आईच्या कपाळावर लावली. चुलतीनं मान वळवली. आई फोनसमोर बसली आणि म्हणाली, "जेवलास का?" आवाजात काही नाही. मला तिची भीतीच वाटली. तो म्हणाला, "आण्णा कुठं हायत?" आई माझ्याकडं बघायला लागली, तर मी फोन हातात घेऊन पटकन म्हणाले, "उसाला पाणी पाजायला गेल्यात."

तो मग म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून रोज तसंच. साडेसहा वाजत आले की आई येऊन माझ्यासमोर बसायची, मी टिकली लावायचे, फोन झाला की आई ती काढून आपल्या फोनच्या कव्हरला मागं चिकटवून ठेवायची. एकच टिकली. डिंक गेला तर मी मागं थोडं मेण लावायचे. पण एक मात्र झालं, त्या दिवसानंतर भावानं आण्णांना फोन द्यायला सांगितलं नाही. मला वाटलं, प्रबंधाच्या गडबडीत आहे. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

तेराव्याला घरात बऱ्याच दिवसांनी तेलाचा वास आला. पाव्हणेरावळे जेवून गेले, मी मांडवातल्या खुर्च्या मोजून परत देत होते, तेवढ्यात फोन वाजला. भावाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, कानापर्यंत ओढलेली.

"खोलीत बसून टोपी कशाला रं? तिकडं हीटर असतोय म्हणतात."

"बिघडलाय, आक्का. लय थंडी हाय."

"मग नीट करून घे की. परीक्षेच्या तोंडावर आजारी पडशील, काढा घे."

"घेतो."

त्यानंतर मी गावातूनच सांगलीला शाळेत जाऊन-येऊन करत होते, आणि संध्याकाळच्या फोनवर रोज टोपी. आई म्हणायची, पोरगं तिकडं गारठून मरंल. मी म्हणायचे, त्याला आळस आहे, एक फोन केला तर हीटरवाला येतो. इकडं मी त्याचा चेहरा रोज तपासायचे, त्याला काही कळलंय का, कुणी सांगितलंय का. डोळे तपासले, आवाज तपासला. टोपीकडं मी फक्त टोपी म्हणून बघत होते.

महिन्याच्या शेवटी कारखान्याची टोळी आली आणि ऊस तोडून गेली. आण्णांशिवायची पहिली तोड. रान एकदम उघडं पडलं, बांधावरचं आंब्याचं रोप घरातून दिसायला लागलं. आण्णांची रक्षा नदीत न सोडता आम्ही तिथं खड्डा करून घातली होती, त्यावरचं ते रोप. आमच्याकडं आता बरेच जण असंच करतात. मी ते रोप रोज बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. आपण वाईट बाई आहोत की काय, असं मात्र वाटायचं.

दोन दिवसांनी आण्णांच्या फोनवर भावाचा मेसेज आला. तो फोन मी चार्ज करून माझ्याजवळच ठेवला होता. आण्णांना टाइप करता यायचं नाही, सगळ्या गोष्टींना ते अंगठा पाठवायचे, त्यामुळं माझं काम सोपं होतं. मेसेज होता: "आण्णा, रिपोर्ट. पास झालो. काम पुरं झालं."

मी अंगठा पाठवला.

तो आला त्या दिवशी मी आणि माझे मिस्टर गाडी घेऊन पेठ नाक्यावर गेलो. पुण्याहून तो एसटीनं येणार होता. घरी जायच्या आत रस्त्यातच सांगायचं असं ठरलं होतं, आणि सांगणार अर्थात मी. जाताना मी वाक्यं जुळवत होते. आण्णांना बरं नव्हतं. आण्णांनीच सांगितलं होतं. आम्हाला वाटलं. मिस्टर म्हणाले, "सरळ सांग." मी म्हणाले, "तुम्ही गाडी चालवा."

तो उतरला. ती टोपी घालूनच. पेठ नाक्यावर दुपारचं ऊन, उसाचे ट्रॅक्टर, रसवाल्याची घुंगरं, आणि हा लोकरीची टोपी घालून. मी म्हणाले, "ऐक, मला तुला—"

त्यानं टोपी काढली.

डोक्यावर बोटाच्या पेरापेक्षाही कमी केस. एकसारखे, नव्यानं उगवलेले. कानामागं एक बारीक व्रण, स्वतःच्या हातानं मशीन फिरवल्यावर राहतो तसा.

मी त्याच्या डोक्याकडंच बघत राहिले. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कुणी सांगितलं?"

"तूच." तो चिडलेला नव्हता. "तोड तोंडावर आलीया आणि आण्णा उसाला पाणी पाजत्यात? आण्णा? रानात ट्रॅक्टर रुतवायचा हाय व्हय? महिनाभर आधी पाणी तोडायचं हे मला तिकडं न्हाई शिकवलं आक्का, आण्णांनीच शिकवलं." मग म्हणाला, "आधी वाटलं आजारी असतील. पण आईच्या कपाळावर तुझी टिकली होती."

शेतकऱ्याची पोर मी. सुट्टीत बांधावर बसून पाटाचं दार धरलेली. आणि मला सांगायला तेवढं एकच खोटं सुचलं होतं, जे आमच्या गावात शाळेतलं पोरसुद्धा पकडेल.

त्यानं त्या दिवसापासून दिवस मोजले होते. दहाव्या दिवशी खोलीतल्या बेसिनसमोर उभा राहून डोकं केलं. तो आमचा तेरावा होता. एकट्यानं सगळं. आणि मग टोपी घालून आम्हाला फोन केला, आणि मी त्याला काढा घ्यायला सांगितलं.

"मग विचारलं का न्हाईस?"

"विचारलं असतं तर तुला सांगाय लागलं असतं. आणि आईला त्या टिकलीचं काय सांगायचं?" तो रस्त्याकडं बघत होता. "आण्णांच्या फोनवर अंगठा तूच पाठवलास न्हवं?"

मी मान हलवली. पास झाल्याचा मेसेज त्यानं वारलेल्या माणसाला पाठवला होता, पूर्ण माहीत असताना. आणि मी अंगठा पाठवून मोकळी झाले होते.

"आक्का, आता सांग तू," तो म्हणाला. "मला अजून कुणी सांगितलंच न्हाई."

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. मी म्हणाले, "आण्णा गेले रे." गेल्या महिनाभरात हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं, कुणापाशीच. नातेवाइकांना तात्यांनी कळवलं होतं, शाळेत मिस्टरांनी. आता तोंडातून निघालं. नाक्यावरच्या रसाच्या गाड्याजवळ, सगळ्यांच्या देखत, मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले. रसवाल्यानं घाणा बंद केला. भाऊ टोपी हातात धरून माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा थोपटत राहिला. मी नको म्हणाले म्हणून ज्याला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही, तो.

घरी गेलो तेव्हा आई दारात उभी होती. मी गाडीतून फोन करायला विसरले होते, त्यामुळं तिला वाटलं अजून सांगायचं राहिलंय. कपाळावर ती मरून टिकली, जरा तिरकी, तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लावलेली. भावाचं डोकं बघितलं आणि तिला कळलं. तिचा हात लगेच कपाळाकडं गेला.

त्यानं तो हात वरच्या वर धरला. "असू दे, आई," म्हणाला, आणि अंगठ्यानं टिकली दाबून सरळ केली.

डिंक राहिलाच नव्हता, संध्याकाळी ती भाकरी थापताना परातीत पडली. दुसऱ्या दिवशी मी आष्ट्यात गेले आणि नवं पाकीट आणून आईच्या आरशापाशी ठेवलं. चुलतीनं ते बघितलं. या वेळी तिनं मान वळवली नाही.