रेवदंड्याच्या वाळूतल्या मनगट्या

खरं सांगायचं तर अलिबागला जायचं माझ्या मनात नव्हतं. शनिवार-रविवारी अर्धं पुणं आणि अख्खी मुंबई तिथे लोटलेली असते. पण जानेवारीत मी आईला पुण्यातलं एक संग्रहालय दाखवायला घेऊन गेले आणि सगळं तिथून सुरू झालं.

तिथे काचेमागे दोन मडकी आडवी ठेवली होती, तोंडाला तोंड लावून. आत लहान मुलाची हाडं. घोडनदीकाठच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत मूल गेलं की असंच घराच्या जमिनीखाली ठेवायचे. शेजारच्या काचेत त्याच काळातले शंखाचे मणी होते, आणि शंख समुद्राचा असल्यामुळे तेव्हाही इतक्या लांबून देवाणघेवाण होत होती, असं खाली लिहिलं होतं. मधे घाट, रान, ना धड रस्ता ना धड गाडी, तरी मणी पोचले. मी कौतुकाने वाचत होते. आई मडक्यांपुढून हलेना.

"माही बी एक हाये अशी," ती म्हणाली. "समुद्रापाशी."

मी स्वतःला थोरली समजत पन्नाशीला आले होते.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, बौद्ध. बाबा शिक्षक, आणि त्यांची पहिली नेमणूक रेवदंड्याला होती, हे मला माहीत होतं. तिथे त्यांना मुलगी झाली आणि नाव ठेवायच्या आत गेली, हे घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. पुरुषमंडळी बाळाला घेऊन गेली. बाईमाणसाने जायचं नसतं म्हणून आईला घरातच बसवलं. पुढे बदली झाली आणि बाबांनी तो विषय कायमचा बंद केला. आता बाबाही नाहीत.

"कोठी ठेवली तेवढं मले पायचं हाये," आई म्हणाली. "गुडघे चालतेत तवर."

मग काय, निघालो.

स्वारगेटहून अलिबागची सकाळची एसटी घ्या. खिडकी डावीकडची मिळाली तर घाटात मजा येते. खोपोलीपर्यंत सगळं छान आहे. पेणला गाडी थांबली की पोह्याचे पापड घ्या, नंतर घेऊ म्हणाल तर राहतात. वडखळच्या पुढच्या रस्त्याबद्दल मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही. मुंबईकरांनी सरळ रो-रो बोटीने मांडव्याला उतरावं आणि हाडं वाचवावीत.

वेळ जावा म्हणून मी आईला दातांचं सांगत होते. लहानपणी दात बनताना आपण जिथलं पाणी पितो, जिथलं धान्य खातो, तिथल्या मातीची खूण दाताच्या वरच्या थरात कायमची बसते. म्हणून हजारो वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाचा दात तपासला की तो तिथलाच होता की लांबून आलेला, ते शोधता येतं. एखादी बाई नदीकाठी मिळते आणि दात सांगतो, ही डोंगरापलीकडे वाढली.

"म्हंजे माह्या दातात वर्धा असन," आई म्हणाली. तिला ते आवडलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिले तं दातच नोयते."



अलिबागच्या स्टँडबाहेरून रेवदंड्याला शेअर रिक्षा मिळतात; आधी भाडं ठरवा, मग बसा. नागाव, चौल, दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या. उतरायला अशाच एका वाडीतली घरगुती खोली घेतली होती. जेवण सांगून ठेवलं तर तांदळाची गरम भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण मिळतं. आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला वाटलं होतं तिच्या घशाखाली घास उतरणार नाही. ती जणू कामाला निघाली होती.

मी मात्र शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याला सांगून तिला थेट गावच्या स्मशानात नेलं आणि दगडांवरची नावं वाचत फिरायला लागले. रिक्षावाला बिचारा मागोमाग आला.

"मॅडम, किती वर्षांचं होतं माणूस?"

"लहान बाळ होतं."

"मग इकडं काय बघताव? बारक्या पोरांना इथं न्हाय आनत. आनि नाव कोन लिवनार त्यांचं?"

आई रिक्षातच बसून होती. म्हणाली, "मी तेच सांगत होती. कोळीवाड्यात चाल. लक्ष्मणदादाचं घर इचार."

लक्ष्मणदादा म्हणजे तेव्हाचे शेजारी. ते गेलेले, पण त्यांची बायको हिराबाई अंगणात बांबूच्या मांडवाखाली बसून वाळलेले बोंबील गोळा करत होती. आईने नुसतं "मास्तरची" म्हटलं आणि हिराबाईच्या हातातले बोंबील खाली पडले.

"व्हय गो बाय! तू हायेस अजून!"

दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून होत्या. चहा झाला. मग आईने विचारलंच.

हिराबाई म्हणाली, "मास्तर पोरीला घेऊन उभं व्हतं. परका मानूस, त्यात लोकं जातीचा इचार करत बसली. माझा घरवाला बोलला, पोराला कसली आलीय जात, चला मास्तर. आमची बारकी पोरं ठेवतो तितंच ठेवली तिला. माझी पन दोन हायेत तितं."

सुरूच्या झाडांच्या पलीकडे तिने आम्हाला नेलं. हात लांब करून दाखवलं तिथे जमीन नव्हती. पाणी होतं.

"दर्यानं घेतला तो भाग. तुझी गेली, माझी पन गेली."

मला रडू आवरेना. इतक्या लांब आणून आईला मी काय दाखवलं? आई पाण्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "उघडीच ठेवली का वं तिले?"

"न्हाय गो. धडुत्यात गुंडालली व्हती. आनि मनगट्या व्हत्या ना हातात, काल्या मन्यांच्या. मास्तरांनीच खिशातून काढल्या. गाठ मारता येत नव्हती त्यांना. मग ह्यांनी बांदली. घरी येऊन ह्ये लई रडलं."

आई खाली वाळूत बसली. त्या मनगट्या तिच्या आईने वर्ध्याहून आणल्या होत्या. बाळ गेल्यावर त्या पाळण्यात सापडल्या नाहीत, तेव्हा बाबांनी त्या फेकून दिल्या असं तिला वाटलं होतं. विचारलं तर बाबा उठून बाहेर गेले. तो राग तिने त्यांचा सगळा संसार करताना बाळगला.

"मले सांगतलं असतं तं," ती म्हणाली. एवढंच. मग पदराने डोळे पुसून हिराबाईला म्हणाली, "चाल, तुह्ये बोंबील कावळे नेतीन."

रेवदंड्याचा किल्ला, पोर्तुगीजांची पडकी कमान वगैरे संध्याकाळी पाहिली. छान आहे, नक्की जा. माझं लक्ष नव्हतं.

परतीच्या एसटीत मी त्या शंखाच्या मण्यांचा विचार करत होते. देवाणघेवाण असेलच, अभ्यासकांचं चुकत नाही. पण त्यातला एखादा मणी तरी कुणाच्या आजीने आणला असेल, आणि कुणा बापाला त्याची गाठ मारता आली नसेल. लांबचा प्रवास म्हटलं की मला तांडे आणि गलबतं दिसायची. आता माझी आजी दिसते, वर्ध्याहून गाड्या बदलत आलेली, कनवटीला काळे मणी बांधलेली.

घरी येऊन पंधरवडा झाला असेल. आमच्या सोसायटीच्या बाकावर नव्याने राहायला आलेल्या एक बाई आईशी ओळख करून घेत होत्या. मी भाजीची पिशवी घेऊन मागून येत होते.

"मुलं किती तुम्हाला, आजी?"

या प्रश्नाला आईचं ठरलेलं उत्तर मी जन्मभर ऐकलंय: दोन, एक मुलगी, एक मुलगा.

"तीन," आई म्हणाली. "थोरली रेवदंड्याले रायते."