तोंडी तक्रार

"तोंडी नगं ताई. लिवून द्या."

आमच्या दुकानातले मिस्त्री सकाळी आले की माझ्या टेबलाशी उभे राहून हेच म्हणत. गिऱ्हाइकांच्या तक्रारी उतरवून घ्यायला मी बसलेली. पटकन सांगून मोकळं व्हावं म्हटलं, तर हा माणूस ऐकून घ्यायचा नाही. चिठ्ठी हवी. नाव, पेठ, फ्रीजचं दुखणं, सगळं सुवाच्य अक्षरात. वाचून झालं की चिठ्ठी खिशात आणि स्वारी सायकलवर.

दुकानाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांना या चिठ्ठीचं कोण कौतुक! "बगा, सहावी शिकलेला माणूस, पण शिस्त कशी हाय! न्हाईतर तुमी, बी.ए. झालेल्या!" मी तोंड वाकडं करून लिहीत बसे.

सत्तर सालानंतरचे ते दिवस. ज्यांच्याकडे फ्रीज होता ते तो बाहेरच्या खोलीत ठेवत, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. मिस्त्री आधी फुलदाणी घरच्या बाईंच्या एका हातात देत, रुमाल दुसऱ्या हातात. म्हणजे बाई जागच्या जागी अडकल्या. मग माझी चिठ्ठी फ्रीजच्या दारात धरून दार लावत आणि चिठ्ठी ओढून बघत. अलगद निघाली तर दाराचं रबर सैल, अडकली तर रबर ठीक. शेवटी डोळे मिटून फ्रीजच्या कुशीवर तळवा ठेवत. घरातली माणसं श्वास रोखून उभी.

"मोटार दमलीया," मिस्त्री डोळे उघडत. "भिंतीला चिकटवून ठिवलाय. वारा कुटनं घ्यायचा तिनं?"

फ्रीज वीतभर पुढे ओढला की दुखणं पळालं. बाई हातात फुलदाणी घेऊन काहीबाही विचारत राहत आणि मिस्त्री उत्तर न देता पान्हे आवरत. मराठी घरांत म्हणायचे, "तेलुगू माणूस, मराठी कमी समजतं." गावाच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत म्हणायचे, "मराठी दुकानात राहून आपली भाषा विसरला." राहिलेले म्हणायचे, "मोठा मिस्त्री, मिजास असायचीच." ज्याने त्याने आपापली समजूत घालून घेतली होती. मीही.

माझी समजूत एका पालीने मोडली. दुपारी अण्णा घरी जेवायला गेले असताना मिस्त्री माझ्याकडे पाठ करून डबा खात होते आणि त्यांच्या सदऱ्यावर ही मोठी पाल. मी खुर्चीवर चढून ओरडले, "मिस्त्री, पाल! पाठीवर पाल!" समोरच्या दुकानातली माणसं धावत आली. मिस्त्री शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत होते. पालच कंटाळून निघून गेली. मग त्यांनी वळून बघितलं, तर मी खुर्चीवर उभी. त्यांचा घास हातातच राहिला.

गर्दी पांगल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, कुणाला बोलू नगा. गिरणीत बावीस वरसं मागांच्या खात्यात काढली. कान तितंच ऱ्हायले. समोर तोंड दिसलं तर कळतंय, मागांवर सगळे तसंच बोलत्यात. पर आवाजाच्या तक्रारीला बहिरा मिस्त्री कोण ठिवून घेईल? अण्णाला कळलं तर हितनं बी गेलो."

गिरणीने कमी केल्यावर हा माणूस मोटारींचं वाइंडिंग शिकला होता आणि मोटारींवरून फ्रीजवर आला होता. घरात बायको आणि दोन शाळकरी मुली. आणि आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी एकच असत: फ्रीज आवाज करतो. मला हसूही येईना आणि रडूही.

त्या दिवसापासून माझं अक्षर सुधारलं.

आणि मग ती तक्रार आली. घर होतं एका डॉक्टरीणबाईंचं. बाई कशाच्या डॉक्टर? कान-नाक-घशाच्या! मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि घाम पुसला. त्यात अण्णा म्हणाले, "मी येतो संगं. दवाखान्यासाठी नवा फ्रीज घेणार हायेत त्या. हितं नाक कापलं तर गिऱ्हाईक गेलं." मिस्त्री म्हणाले, "मग ताईबी पायजेत. लिवायला."

डॉक्टरीणबाईंच्या भावाने अमेरिकेहून पाठवलेला तो फ्रीज. आपल्याकडे बर्फाचा कप्पा वर, याचा खाली. अण्णांनी बघताच निकाल दिला, "उलटा बशिवलाय!" सासूबाईंनाही तेच वाटत होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सवयीने दुधाचं पातेलं खाली ठेवलं होतं आणि सकाळी ते उलथन्याने फोडलं होतं. एकटे मिस्त्री दार उघडून खूश झाले. "डोकं हाय हां! भाजी, दूध दिवसातनं धा डाव लागतं, ते हाताशी. बर्फ कवातरी लागतो, तो खाली. बाईमाणसाची कंबर बगून केलंय."

पण तक्रार आवाजाची होती. फ्रीज घूं घूं करी आणि सगळं स्वयंपाकघर घुमे. बटण बंद केलं की आवाज बंद. पुण्याहून दोन मिस्त्री येऊन फ्रीज खोलून गेले होते आणि मशीन बदला म्हणाले होते.

बटण लावलं. "आला बगा!" अण्णा म्हणाले. "ऐकू आला न्हवं मिस्त्री?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी हो म्हटलं.

"आला की," मिस्त्री म्हणाले. "लई हाय."

मग त्यांचा तळवा फ्रीजवरून फिरू लागला. डावी बाजू, उजवी, खाली, मागे. कपाळावर आठी आली. "फ्रीज गप हाय," ते म्हणाले.

"गप? अहो, मला हितं दारात ऐकू येतंय!"

पण मिस्त्रींची आता पाठ होती. तळवा भिंतीवर गेला. भिंतीवर हात ठेवून ते सरकत सरकत दारातून पलीकडच्या कोठीच्या खोलीत गेले, आणि आम्ही सगळे रांगेने त्यांच्यामागे. कोठीत भिंतीला ठोकलेलं एक लाकडी फडताळ होतं आणि त्यात लोखंडी पेटी. अमेरिकेचा फ्रीज कमी दाबाच्या विजेवर चालतो, म्हणून बसवलेला ट्रान्सफॉर्मर. फ्रीजचं बटण म्हणजे त्याचंही बटण.

"हा बोलतोय," मिस्त्री म्हणाले.

आवाज भिंतीतून येऊन स्वयंपाकघरात घुमायचा आणि ज्यांना कान होते ते सगळे फ्रीज खोलून बसायचे. मिस्त्रींना फसवायला आवाज पोचलाच नाही. त्यांनी पेटीच्या पत्र्यांचे सैल स्क्रू पिळले, सायकलच्या ट्यूबचे तुकडे खाली सारले आणि बटण लावलं. घर इतकं शांत झालं की सासूबाईंच्या जपमाळेचे मणी ऐकू आले.

"शाब्बास मिस्त्री!" अण्णा ओरडले. मिस्त्री पाठमोरे बसून हत्यारं भरत होते. "मिस्त्री! अहो मिस्त्री!"

डॉक्टरीणबाईंनी एकदा मिस्त्रींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. दिवसभर हेच बघणारी बाई. तिला काय कळायचं राहणार?

"अण्णा," त्या म्हणाल्या, "कामातल्या माणसाला हाका कशाला मारता? चला, चहा घ्या," आणि अण्णांना बाहेर घेऊन गेल्या. त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं मला. परत आल्या त्या वळसा घालून मिस्त्रींच्या समोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "बुधवारी माझ्या दवाखान्यात या."

"तितं बी असलाच फ्रीज हाय का?" मिस्त्रींनी विचारलं.

बुधवारी ते हत्यारांची पिशवी घेऊनच गेले. परत आले ते उदास हसत. "नस मेलीया म्हनल्या. यंत्र लावा म्हनल्या, खिशात डबी अन् कानात वायर. पर अण्णा बगतील की." यंत्र त्यांनी घेतलं नाही. डॉक्टरीणबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. दवाखान्याचा फ्रीज आमच्याकडूनच घेतला.

पुढे सात-आठ वर्षांनी, नोकरीत असतानाच, मिस्त्री तापाने गेले. अण्णा स्मशानातून दुकानात येऊन लहान मुलासारखे रडले. "मी त्याला पाठीमागनं काय काय शिव्या घातल्या, पर एका शब्दानं उलटून बोलला न्हाय. असा माणूस मिळायचा न्हाय आता." मी मान खाली घातली. हसू आवरत होते की रडू, माझं मलाच कळलं नाही.

महिन्याभराने मिस्त्रींची बायको हत्यारांची पिशवी परत द्यायला आली. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पिशवी टेबलावर ठेवून त्या मला काही सांगणार होत्या, पण मी वहीत बघत होते. त्या थांबल्या. मी मान वर करेपर्यंत थांबल्या. मग टेबलाला वळसा घालून माझ्या अगदी समोर आल्या, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द ओठांनी नीट घडवत बोलू लागल्या. आवाज जवळजवळ नव्हताच. "पान्हे सगळे हायेत. मोजून घ्या. त्यांनी कुनाचं ठिवून घेतलं न्हाय कदी."

मला नीट ऐकू येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.