गच्चीवर पाठीत बसलेले धपाटे

भूत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पण हे माझ्या स्वतःच्या पाठीवर घडलंय, म्हणून लिहितेय. शिक्षण सातवीपर्यंतच, चुकलं तर सांभाळून घ्या.

साल २००९. मी अंबरनाथ पूर्वेला खोली घेऊन राहायचे आणि उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचे. घर लांब, बीडकडे. सारखी धाकधूक — घरचे मला विसरून तर जाणार नाहीत ना? मग एक जुना नेटवाला मोबाईल घेतला. कारखान्यात शेजारी बसणाऱ्या सविताताईनं नेटवरच्या गप्पांच्या साइटवर अकाउंट उघडून दिलं. तिचे उपकार जन्मभर विसरणार नाही. जेवणाच्या सुट्टीत अपडेट टाकायचे — 'आज भाजी जळाली.' की लगेच सुरतेचा मामेभाऊ, पुण्याची मावसबहीण हजर. दादा गावाकडून लिहायचा, 'जळकं खाऊन काळी पडशील.' एवढ्यावर दिवस गोड व्हायचा.

दादाला मुलगी झाली. मी एकुलती एक सख्खी आत्या! पण नेमकी बारशाच्या दिवशी अर्जंट ऑर्डर, सुट्टी नाही. आमच्याकडे आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, आणि सांगितलं रे सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तो तिचा मान. मी नसले तर तो चुलत बहिणीला, मंदाला जाणार. मी फोनवर रडायलाच लागले.

"रडू नको गं सुमे," दादा म्हणाला. "नाव तूच ठेव. गोंगाटात फोनवर काही ऐकू यायचं नाही. बाराला अपडेट टाक, मी मोबाईलवर बघून पोरीच्या कानात सांगतो. सगळ्या खानदानाला एकदमच कळेल."

"आणि नाही पोचलं तर?"

"मंदा आहेच टपून!"

त्या दिवशी बाराच्या आधी कारखान्याच्या मालकीणभाभींपुढे पाच मिनिटं मागायला उभी राहिले. त्या हसून म्हणाल्या, "जा, गच्चीपे जा. रेंज वहीं आता है. और पेढे लाना!"

गच्चीवर 'कुर्र... आरोही' टाइप केलं आणि बटण दाबलं. चक्र फिरतंय... फिरतंय... आणि बॅटरी गेली! स्क्रीन काळा. तिकडे पाळणा सजलेला, खाली धावून चार्जिंग लावेपर्यंत मंदा नाव ठेवून मोकळी. काही सुचेना. तो बंद पडलेला मोबाईलच तोंडाशी धरला आणि म्हणाले, "कुर्र... आरोही!"

धप!

पाठीत. मागे वळले तर कोणी नाही, नुसत्या वाळत घातलेल्या जीन्स. पुन्हा धप, धप! एक तर चांगला बांगड्यांसकट. भीती वाटायला हवी होती, पण मला हसूच आवरेना. आणि शेवटी एक हात... त्यानं मारलं नाही. मानेपासून खाली सावकाश फिरला, आणि थांबलं सगळं.

खाली जाऊन चार्जर लावला. बघते तर अपडेट गेलेलं! खाली कमेंटचा पाऊस. तेवढ्यात वहिनीचा फोन.

"वन्सं, लई मार खाल्ला हो तुमच्या उशीनं!"

"कसली उशी?"

"उशीला तुमची जुनी ओढणी गुंडाळून तुमच्या जागी पाटावर बसवली होती. यांनी नाव वाचलं, अन् बायांनी हाणलं तिला. मी तर बांगड्या फुटायची पर्वा केली नाही!"

हळूच विचारलं, "आईनं पण मारलं?"

"छे! सगळ्यांचं झाल्यावर सासूबाईंनी नुसता हात फिरवला उशीवरून. म्हणाल्या, आधीच दमती माझी लेक तिकडं."

तोपर्यंत गच्चीवरचं मी कोणाला बोलले नव्हते. सविताताईलासुद्धा नाही.

अपडेट बॅटरी जायच्या आधीच सुटलं असेल, हे मला पटतं. पण तो हात? त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर व्हावा असंही वाटत नाही.

संध्याकाळी मी अपडेट टाकलं — 'पाठ दुखतेय, पण छान वाटतंय.' सुरतेच्या भावाला वाटलं, कामानं दुखत असेल. त्यानं बाम लावायला सांगितलं.