अकरावं नाव

कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत कोंडीबा पाथरवट जाती-पाटे घडवायचा. अक्षर म्हणून त्याला एक येत नव्हतं. महायुद्ध संपल्यावर, सेहेचाळीस साली, गावानं लढाईत गेलेल्या पोरांच्या नावाचा दगड चावडीपुढं उभारायचं ठरवलं. शाळामास्तर खडूनं नावं लिहून देत आणि कोंडीबा त्यावर छिन्नी चालवी. दहा नावं झाली. वरच्या अंगाला त्यानं आपल्या हौसेनं कमळ कोरलं. त्याला पंधरा दिवस लागले.

दगड उभा करायला चार दिवस उरले असताना मनुबाई आली. तिचा ज्ञानू ब्रह्मदेशात फौजेची खेचरं हाकायचा, तिथंच हिवतापानं गेला. माझ्या पोराचं नाव कुठलं, एवढंच तिनं विचारलं. कोंडीबानं मास्तरांकडून यादी वाचून घेतली. ज्ञानू त्यात नव्हता.

यादी केली होती पेन्शनीत निघालेल्या सुभेदार दादासोंनी. कोंडीबा त्यांच्या दारात गेला. दादासोंनी सरळ सांगितलं, की दगड गोळी खाऊन पडलेल्यांचा आहे. तापानं माणसं घरीही मरतात. गावाच्या कारभारात कोंडीबानं कधी तोंड घातलं नव्हतं. तरी तो उंबऱ्यापाशी उभाच राहिला.

"आवं सुभेदार, तुमी तिकडं डोंगरावर लढत हुता, तवा भाकरी अन् गोळ्या वर कुणी पोचवल्या?"

दादासो म्हणाले, "खेचरवाल्यांनीच. पर आता दगडावर जागा कुठं हाय?"

"जागा मी करतो."

त्यानं कमळ तासून काढलं. एकेक पाकळी उडताना जिवाला लागत होतं, पण हात थांबला नाही. सपाट झालेल्या जागी मास्तरांनी ज्ञानूचं नाव लिहिलं आणि ते सगळ्यांच्या वर बसलं.

दगड उभा राहिला त्या सकाळी दादासोंनी नावं वाचली, आणि पहिल्याच नावाला खाडकन सलाम ठोकला. मनुबाईनं पुढं होऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. यातला 'ज्ञ' कुठला, ते तिनं कोंडीबाला विचारलं. त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पाटी घेऊन मास्तरांकडं जाऊ लागला.

पुढं आसपासच्या गावांतून त्याला अशा दगडांसाठी बोलावणी आली. काम घेण्याआधी तो घरोघर फिरून यादीतून कोण राहिलं ते विचारायचा, आणि नावं आता स्वतःच लिहायचा.