गुरांना ठाऊक असलेली खिंड

"बाई, तुमच्या नकाशात माह्या गाई उडून राह्यल्या का?"

मंगरूभाऊंनी कागदावर बोट ठेवलं आणि अख्खी ग्रामसभा हसली. मीही हसली, पण नकाशा परत जवळ ओढला.

गाव गडचिरोलीच्या डोंगरातलं. पठारावर गुरं चारायचा सामूहिक हक्क गावाला मागायचा होता, त्या दाव्याला आमच्या सर्व्हे ऑफिसचा नकाशा जोडायचा होता. मंगरूभाऊ गावचे गुराखी. त्यांची गुरं रोज एका खिंडीतून वर जातात. आमच्या नकाशात तिथं खिंडच नाही, डोंगराची उभी भिंत! वाट नाही म्हटल्यावर पठार दाव्यातून कटणार.

आता नकाशातली कंटूर म्हणजे काय, तर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ. रेघा दाटल्या की चढ खडा, विरळ झाल्या की सपाट. मी तरी कुठं कॉलेजात शिकली? ऑफिसात ट्रेसिंग करता करता शिकली.

साहेबांना फोन लावला.

"मॅडम, ड्रोनचा सर्व्हे आहे. उद्या सबमिट करा."

"एक दिवस द्या, साहेब."

"एका गुराख्याच्या सांगण्यावरून?"

"त्याच्या नाई, त्याच्या गाईंच्या."

सकाळी लेव्हल, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, घेतली. स्टाफ, म्हणजे उंच मोजपट्टी, मंगरूभाऊंच्या हाती दिली. निघालो गुरांच्या मागं. गुरं कधी सरळ चढत नाहीत बरं का! डोंगराला वळसा घालत, जराजरा वर. माझे गुडघे मात्र बोलायला लागले.

"बाई, म्हशीवर बसता का?"

"स्टाफ सरळ धरा भाऊ, मस्करी मंग!"

खिंडीत पोचलो तर आभाळच दिसेना. दोन्हीकडचा बांबू वाकून एकमेकांत शिरलेला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ड्रोन वरून फोटो काढतो. बांबूचे शेंडे त्यानं जमीन समजून मोजले आणि खिंड बुजवून टाकली. बरं, हे तपासायचं काम माझंच होतं. मी खुर्चीत बसून, स्क्रीन पाहून सही ठोकली होती.

दिवसभर खिंड मोजली, रेघा नव्यानं ओढल्या. पठारासकट दावा मंजूर झाला तेव्हा मंगरूभाऊंनी ऑफिसात खव्याचा डबा पाठवला. साहेबांनीच आधी उघडला.

मग त्यांनी तपासणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवला: 'गुरांची वाट विचारली का?' त्यात खूण करायची तर गावात जावंच लागतं.